एकेक गुण, एकेक झाकण

आमच्या कामिगिन बेटावर चांगलं खायला कुठे मिळतं, हे बेटावर एकाच माणसाला नीट कळतं. तो माणूस म्हणजे मी!

हसू नका. मी विल्मार. रोज पाहुण्यांना गाडीतून बेटाभोवती फिरवतो. ज्वालामुखी बघून होतो, गरम पाण्याचे झरे बघून होतात, मग सगळ्यांचा प्रश्न एकच. "दादा, जेवायचं कुठे?" तिथून पुढे माझं राज्य! कुणाकडचा मासा आज पहाटे तडफडत होता आणि कुणाकडचा गेल्या रविवारपासून पडून विचार करतोय, हे मी गाडीची काच खाली न करता सांगतो. आमच्या घरी आई म्हणते, "अभ्यासात असं डोकं चाललं असतं तर आज मेयर असतास."

तर अशा माणसाची परीक्षा कुणी घ्यावी? पोर्फिरियो काकांनी!

पोर्फिरियो काका म्हणजे अनालिझाचे वडील. आणि अनालिझा म्हणजे... आता काय सांगू, अनालिझा म्हणजे अनालिझा! आमच्या बेटावरच्या शाळेत शिकवते. घर समुद्रापलीकडे, कागायानला. काका जन्मभर जहाजावर आचारी होते. बारा देशांच्या खलाशांना जेवू घातलं, त्यामुळे आता कुणाच्याच हातचं आवडत नाही. लग्नाचा विषय काढला की म्हणायचे, "त्या बेटावर आहे काय? नारळ आणि धूर!"

शेवटी एकदा अनालिझाला फोनवर म्हणाले, "ठीक आहे. येतो. सकाळच्या बोटीनं येतो, संध्याकाळच्या बोटीनं जातो. मधे त्या पोरानं मला एकदा, फक्त एकदा, नीट जेवायला घालावं. ज्याला स्वतःच्या बेटावर एका म्हाताऱ्याचं पोट भरता येत नाही, तो माझ्या मुलीचं काय भरणार? जमलं नाही तर तू बदलीचा अर्ज टाकायचा आणि मुकाट घरी यायचं!"

अनालिझा रडवेली झाली. मी मात्र खदाखदा हसलो. जेवणाची परीक्षा? आणि माझी? अगं, तुझ्या वडलांनी स्वतःहून मुलगी दिलीय मला!

धक्क्यावर काका उतरले तेच पोटावर हात ठेवून. मी वाकून त्यांचा हात कपाळाला लावला, आमच्याकडचा नमस्कार. त्यांनी तो लगेच पँटला पुसला.

"बोटीवर काही खाल्लं का काका?"

"नाही. कालपासून काही नाही. परीक्षा कोऱ्या पोटानं घ्यायची असते."

"पप्पा!" अनालिझा म्हणाली.

"तू मागे बस. आणि अरे पोरा, हळू चालव. माझं डोकं टपाला लागता कामा नये."

पहिल्याच वळणावर लागलं.

माझा बेत असा होता की थेट नेना मावशीची खानावळ गाठायची. तिच्या हातचं सुरोल! गावठी कोंबडी, नारळाचं दाट दूध, हळद, गवती चहाची जुडी आणि मंद आच. ते खाऊन भांडणं मिटलेली मी बघितलीत. काकांना वाटेत मी त्याचं असं वर्णन केलं की त्यांच्या घशातून गिळल्याचा आवाज आला.

खानावळ बंद!

खुर्च्या टेबलांवर उलट्या. दारात कुत्रं. त्यानं एक डोळा उघडला, आम्हाला बघितलं आणि मिटला. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "नेना? ती माहेरी गेली की! जत्रा आहे ना आज सान रोके गावाची."

"काही हरकत नाही!" मी टाळी वाजवली. "किनाऱ्यावर नोयेलचं दुकान आहे. भरलेला माकूळ निखाऱ्यावर भाजतो. आणि ताजा मासा शिर्क्यात मुरवून असा देतो काका, असा देतो..."

नोयेलच्या शेगडीत मांजर झोपलं होतं.

नोयेलही सान रोकेचा. तिसऱ्या ठिकाणची आजीबाईही सान रोकेची. चौथ्या ठिकाणी नुसता खडूनं खरडलेला फळा होता, 'गावी गेलोय. तुम्हीही या.' बेटावरचे हाताला चव असलेले सगळे आचारी एकाच गावात जन्माला यावेत आणि त्या गावच्या संतानं नेमका आजचा दिवस निवडावा, हा कुठला न्याय? आणि हे मला माहीत नसावं? मला?

उघडं काय होतं म्हणता? गोऱ्या पाहुण्यांचं एक हॉटेल. तिथे एक बाई वाटीतला भिजलेला भुसा चमच्यानं खात होती.

काका हळूच म्हणाले, "हिला बरं नाही का?"

अनालिझानं मागून गोड सारणाच्या पावांचा डबा पुढे केला. "पप्पा, एक तरी खा ना. बेटाची खासियत आहे. सगळे घरी घेऊन जातात."

"पावावर मुलगी देत नाही मी."

डबा मागे गेला. आता आमच्या बेटाचा एक दोष सांगतो. ते गोल आहे. रस्ता एकच, किनाऱ्याकिनाऱ्यानं, गोल. कितीही पळा, होतात तिथेच येता.

"हे चर्च मघाशी बघितलं," काका म्हणाले.

"नाही काका, ते वेगळं."

"मग याच्याही दारात तीच म्हातारी मेणबत्त्या कशी विकतेय?"

म्हातारीनं हात केला. मीही केला. काय करणार?

ऊन कलायला लागलं. काकांचा चेहरा आमच्या ज्वालामुखीसारखा झाला होता. वरून शांत, पण जवळ जाऊ नये. आरशात बघतो तर अनालिझा मोबाईलवर काहीतरी लिहीत होती. बदलीचा अर्ज?

आणि तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. अरे गाढवा! सगळे आचारी जत्रेला गेलेत. म्हणजे सगळं जेवण कुठे आहे? जत्रेत! आमच्याकडे जत्रेच्या दिवशी कुणाच्याही घरात शिरायचं असतं. ओळख लागत नाही, आमंत्रण लागत नाही. दार उघडं, टेबल भरलेलं. जेवला नाहीत तर घरधनी रुसतो. लोक तीन-तीन घरी जेवतात आणि चौथ्या घरी पिशवी भरून नेतात!

"काका!" मी ओरडलो. "तुम्हाला खानावळीत नेणं हाच अपमान होता. मी तुम्हाला घरचं जेवू घालतो!"

"कुणाच्या घरचं?"

"ते महत्त्वाचं नाही!"

सान रोकेच्या दिशेनं गाडी अशी हाणली की काकांचं डोकं टपाला दोनदा लागलं. आणि दिसल्या! रस्त्यावर आडव्या रंगीत पताका! पहिलंच मोठं घर. अंगणात मांडव, ओळीनं प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि वास! आख्खं डुक्कर निखाऱ्यावर फिरवून भाजल्याचा वास. लेचोन! काकांच्या नाकपुड्या फुलल्या. गाडी थांबायच्या आत ते उतरले.

आत शिरलो तर घरातले सगळे उठून उभे राहिले.

खरं म्हणजे इथेच मला कळायला हवं होतं. जत्रेत कुणी उठत नाही, जत्रेत हातात ताट कोंबतात! पण मला वाटलं, काय आदर आहे राव! मी ओळीनं सगळ्या वडीलधाऱ्यांचे हात कपाळाला लावत सुटलो. टोकाला तेवढी एक आजी बसून होती. क्लोतिल्दा आजी, घरातल्या सगळ्यांत मोठ्या. बारीक चणीच्या, हातात विणलेला पंखा, आणि नजर अशी की डॉक्टर एक्स-रे कशाला काढतात असं वाटावं.

"वळण आहे पोराला," आजी म्हणाल्या.

आम्हाला कोरीव लाकडी खुर्च्यांवर बसवलं. समोर लांबलचक टेबल. टेबलावर भांडीच भांडी, आणि प्रत्येक भांड्यावर झाकण. टोकाला केळीच्या पानांखाली काहीतरी लांब, फुगीर. शेपटीचं टोक तेवढं बाहेर आलेलं.

कुणी 'जेवा' म्हणेना! सगळे नुसते आमच्याकडे बघतायत.

"प्रवास ठीक झाला?" आजींनी विचारलं.

"बोटीनं आलो," काका म्हणाले. ते खरंच होतं.

"तिघंच? बाकीची मंडळी मागून येतायत वाटतं. तुमचं डुक्कर घेऊन?"

काका माझ्या कानाशी आले. "आपलं डुक्कर मागून येतंय?"

"असेल काका. जत्रा आहे."

आजींनी पंखा माझ्याकडे रोखला. "मुलगा हाच ना? फोनवर कधी नाक दिसायचं, कधी कान. पण जरा गोरा वाटला होता."

आणि माझ्या डोक्यात टणकन वाजलं. मांडव, खुर्च्या, उभी माणसं, झाकलेलं जेवण... ही जत्रा नाही! हे मागणं आहे! मुलाकडची माणसं मुलीच्या घरी येतात, आपल्याबरोबर जेवण आणतात, मुलीकडचेही रांधून झाकून ठेवतात, बोलणी होतात, मुलीकडचे होकार देतात, मगच झाकणं उघडतात. आणि मुलगा म्हणून मी बसलोय! माझ्या होणाऱ्या सासऱ्याला शेजारी घेऊन! दुसऱ्याच मुलीला मागणी घालायला!

मी ताडकन उठलो. "आजी, जरा गडबड झा..."

मागून काकांनी माझा पट्टा धरून मला खाली ओढलं.

"बस," ते दातांतून म्हणाले. "मी जन्मभर आचारी होतो. त्या तिसऱ्या झाकणाखाली काय आहे ते मला इथून कळतंय. खरं काय ते जेवून झाल्यावर सांगू."

"अहो पण काका, ते मला नवरा..."

"एका जेवणापुरता हो ना! मरतोस का?"

अनालिझाकडे बघितलं. वाटलं, ही तरी ओरडेल. तर ती तोंडाला रुमाल लावून गदागदा हलत होती. आजींनी विचारलं, "ही मुलाची बहीण का?"

"हो आजी!" अनालिझा म्हणाली. "धाकटी. पप्पा, सांगा ना आजींना, दादा किती गुणी आहे ते!"

दादा! मला घाम फुटला.

"सांगा," आजी म्हणाल्या. "आमची रोसेल दावावला नोकरीला, तिथेच हे जमलं. आम्ही पोराला ओळखत नाही. तुम्ही बाप आहात. काम कसं करतो?"

काकांनी घसा खाकरला. एक नजर माझ्याकडे, एक झाकणांकडे.

"गाडी चालवतो. आणि अशी चालवतो म्हणून सांगू! पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवा, थेंब सांडणार नाही!" बोलता बोलता त्यांचा हात आपसूक टाळूवरच्या टेंगळाकडे गेला.

आजींनी मान हलवली आणि पंख्याच्या टोकानं पहिलं झाकण सरकवलं. परतलेल्या शेवया. वर कोळंबी. वाफ निघाली. काका अर्धा इंच उंच झाले.

"दारू?"

"दारू? वासानं चक्कर येते याला! गावात कुणी बाटली उघडली की हा घरात आडवा!"

दुसरं झाकण. आल्यात वाफवलेला आख्खा मासा. डोळे अजून चकाकत होते.

काकांच्या लक्षात आलं. एकेक गुण, एकेक झाकण! मग काय विचारता, त्यांनी खुर्ची पुढेच ओढली.

"पहाटे उठतो! आईचा हात कपाळाला लावल्याशिवाय पाणी पीत नाही! चर्चमध्ये पहिल्या बाकावर!"

"ते असू द्या," आजी म्हणाल्या. झाकण जागेवरच. "रागीट आहे का? आमची रोसेल फार बोलते."

काकांनी माझ्याकडे वळून नीट बघितलं, जणू आज पहिल्यांदाच बघतायत.

"राग..." ते जरा हळू बोलले. "नाही हो. सकाळपासून मी याला काय काय बोललो. उलट एक शब्द नाही. याच्या जागी मी असतो तर माझ्यासारख्याला समुद्रात ढकललं असतं."

तिसरं झाकण उघडलं. सुरोल! हळदीचा पिवळाधमक रस्सा, वर नारळाचं तेल सुटलेलं, गवती चहाचा दरवळ. काकांच्या गळ्यातली घाटी वरखाली झाली.

"आणि मन?" आजींनी विचारलं. "आज हिच्यावर, उद्या तिच्यावर, असं तर नाही ना? खरं सांगा."

"मन!" काका एकदम तापले. "अहो, या पोराचं मन एकदा बसलं की हलत नाही! मी स्वतः हलवून बघितलंय! दारातून परत पाठवलं, फोन आपटला, उन्हात फाटकाबाहेर उभं केलं. पुढच्या रविवारी बोटीनं पुन्हा हजर! हातात पपई घेऊन! वैताग आहे नुसता!"

"तुम्ही का हलवलंत?" आजींनी भुवया उंचावल्या. "बाप ना तुम्ही?"

"प... परीक्षा घेतली हो!"

अनालिझाचं हसणं केव्हाच थांबलं होतं. ती वडलांकडे टक लावून बघत होती.

आजींनी पंखा बाजूला ठेवला. उठल्या, दोन्ही हातांनी केळीची पानं उचलली. लेचोन! तांबूस, काचेसारखी चकाकणारी कातडी, तोंडात लिंबू.

"आमची हरकत नाही," आजी म्हणाल्या. "पोरगी दिली. चला जेवायला!"

आणि मग जे झालं त्याला जेवण म्हणत नाहीत, त्याला वादळ म्हणतात! काकांनी सुरोलचा पहिला घोट घेतला आणि डोळेच मिटले. दुसरा घेतला आणि बायकोचं नाव घेतलं. देवाघरी गेलेल्या बायकोचं! मग भात, मग मासा, मग पुन्हा सुरोल. माझ्या ताटात कुणीतरी लेचोनच्या पाठीची कातडी टाकली. म्हणलं, सांगायचंय ते सांगूच, आधी एवढी संपवू.

तेवढ्यात अंगणात गलका झाला.

बांबूला बांधलेलं भाजलेलं डुक्कर आणि ते खांद्यावर घेतलेली चार माणसं. मागे भाताच्या पुड्यांच्या टोपल्या. मागे बोट लागल्यामुळे हिरवा पडलेला एक म्हातारा. आणि सगळ्यांत मागे, घामाघूम, इस्त्रीचा शर्ट घातलेला, खरोखरच माझ्यापेक्षा जरा गोरा मुलगा!

आतून एक मुलगी धावत आली. ही रोसेल, म्हणजे मी जिला नुकतीच मागणी घातली होती ती. ती थेट त्या गोऱ्या मुलाकडे गेली. मग वळली, माझ्याकडे बघितलं.

"हा कोण?"

सगळं घर माझ्याकडे वळलं. माझ्या हातात कातडी. काकांच्या हातात डुकराचा कान. समुद्र जवळच होता, पण मधे चार माणसं आणि एक डुक्कर होतं.

अनालिझा उठली. "आजी, माफ करा. आम्ही जत्रेला आलो होतो."

"जत्रा?" आजी म्हणाल्या. "अगं सान रोके पुलाच्या पलीकडे! आमची जत्रा झाली गेल्या आठवड्यात. पताका काढायचा कंटाळा केलाय पोरांनी!"

आजींच्या खांद्यांपासून काहीतरी हलायला लागलं. मग पोट. मग आजी हसल्या, अशा हसल्या की तो हिरवा म्हाताराही हसला आणि पुन्हा हिरवा झाला. "बसा रे, बसा! गेल्या आठवड्यात आला असतात तरी हेच खाल्लं असतंत! दोन डुकरं झाली आता, संपवणार कोण?"

माझा जीव भांड्यात पडला. सुरोलच्याच भांड्यात. मी उरलेली कातडी तोंडात टाकली.

पण आजी कुठल्या सोडणार? त्यांनी काकांसमोर खुर्ची ओढली.

"एक सांगा. माझ्या टेबलावर बसून पोराचे गुण गायलात. ते सगळं खोटं?"

काकांनी कान खाली ठेवला. "गाडीचं खोटं," ते म्हणाले. "दारूचं मला माहीत नाही. बाकी... बाकी खरं आहे."

"म्हणजे रागीट नाही?"

"नाही."

"आणि मन हलत नाही?"

"सांगितलं ना, हलवून बघितलंय!"

"आणि तुमचा मुलगाही नाही हा?"

"छे!"

"मग असा पोरगा मोकळा सोडायचा?" आजींनी मांडीवर थाप मारली. "मायलीन! ए मायलीन! इकडे ये गं! ही माझी दुसरी नात. ही पण बोलते, पण जरा कमी. पोरा, तुझी आई कुठे राहते? आजच उरकून टाकू, डुक्कर आहेच!"

मायलीन दारात आली. रोसेलनं तिला पुढे ढकललं. सगळे टाळ्या वाजवायला लागले. तो गोरा नवराही वाजवत होता, स्वतःचं काम विसरून!

आणि काका उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"थांबा! आजी, तुमचं जेवण खाल्लं, तुमचे उपकार आहेत. पण हा पोरगा मिळणार नाही. हा आमचा आहे! माझ्या अनालिझाचा! मी स्वतः पारखलाय, एवढी वर्षं, फाटकाबाहेर उभा करून!"

अनालिझा रडायला लागली. आजींनी पंखा छातीशी धरला. सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं, पोरगा आता काय बोलतो म्हणून.

आता काय सांगू तुम्हाला! ज्या वाक्यासाठी मी इतके रविवार समुद्र ओलांडला, ते मी ऐकलंच नाही! माझ्या दाढेखाली लेचोनची कातडी होती हो! ती चावताना कानात असा कडकडाट होतो की शेजारी ज्वालामुखी फुटला तरी कळत नाही. मला फक्त काकांचे ओठ हलताना दिसले. वाटलं, पुन्हा काहीतरी चुकलं.

मी घास गिळला. "अं? काय म्हणालात काका?"

आजींनी कपाळावर हात मारला. काका सावकाश खुर्ची उचलून बसले, बोटं पुसली, सुरोलची वाटी जवळ ओढली.

"म्हणालो, तू आमचा जावई. पण!"

"पप्पा, मघाशी 'पण' नव्हता!"

"त्यानं ऐकलं असतं तर नसता! आता आहे. पण लग्नानंतर कुठे जेवायला जायचं ते माझी मुलगी ठरवेल. हा नुसती गाडी चालवेल. हळू. आहे कबूल?"

यावर माझ्याकडे भरपूर मुद्दे होते. चारचौघांत मांडण्यासारखे होते. पण मायलीन नाही तर नाही, निदान पोटभर जेवून तरी जा म्हणत आजींनी तोवर माझ्या तोंडात डुकराचा उरलेला कान कोंबला होता.

मी मान हलवली. जोरात.